गणित-विज्ञानाची सरकारी शाळा मुंबईत हवीच, पण तिला एंट्रन्स नको

आंतरराष्ट्रीय सायन्स ऑलिम्पियाडला भारताच्या ज्या टीम जातात ना, त्यांचे कॅम्प मानखुर्दला होतात. हो, आपलं हार्बर लाइनवालं मानखुर्द. टीआयएफआरनं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) १९७४ साली सुरू केलेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तिथं आहे, देशभरातून निवडलेली पोरं उन्हाळ्यात तिथं येऊन राहतात आणि मग त्यातली थोडी परदेशात जाऊन मेडल घेऊन येतात. आणि त्या गेटच्या आजूबाजूला जो एम-पूर्व वॉर्ड पसरलाय, गोवंडी, शिवाजीनगर, देवनार, तो २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत शेवटच्या नंबरावर होता. त्या वॉर्डातल्या पालिकेच्या शाळेतलं एखादं पोरगं त्या कॅम्पपर्यंत कुठल्या रस्त्यानं पोचेल ते मला कुणीतरी सांगा. भिंत तर एकच आहे. रस्ता मात्र कोणीच बांधलेला नाही.

तर माझं म्हणणं सरळ आहे. मुंबई महापालिकेनं नववी ते बारावीची, खास गणित आणि विज्ञानाची, पूर्ण फुकट शाळा काढावी. पण तिथं ऍडमिशन एका लेखी परीक्षेवर द्यायची असेल तर काढू नये, त्यापेक्षा ते पैसे आहेत त्या शाळांच्या संडास-पाण्यावर खर्च केलेले परवडले.

अशा शाळा जगात नवीन नाहीत. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्स हायस्कूल ऑफ सायन्स १९३८ पासून आहे, सरकारी, एक पैसा फी नाही. स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लाशो हे दोघं तिथं एकाच बॅचला होते, १९५० ला बाहेर पडले आणि १९७९ चं फिजिक्सचं नोबेल दोघांनी एकत्र घेतलं (तिसरे अब्दुस सलाम, ते आताच्या पाकिस्तानातल्या झंगसारख्या लहान गावातून आलेले). ही शाळा श्रीमंतांची नव्हती, बोटीतून उतरलेल्या, शिंपीकाम करणाऱ्या, छोटी दुकानं चालवणाऱ्या लोकांची पोरं तिथं शिकली. मॉस्कोत कोल्मोगोरोवनं १९६३ ला गणित-भौतिकीची बोर्डिंग शाळा काढली, एवढा मोठा गणिती, स्वतः जाऊन शाळेतल्या पोरांना शिकवायचा. फिलिपिन्सनं कायदा करून १९६४ ला सायन्स हायस्कूल सुरू केलं. आपल्याकडे दिल्ली सरकारनं २०२१ ला नववी ते बारावीच्या स्पेशल शाळा सुरू केल्या, त्यात एक प्रकार सायन्स-गणिताचा होता. केंद्र सरकारच्या नवोदय बोर्डिंग शाळा आहेतच १९८६ च्या धोरणापासून, पण नवोदय मुळात खेड्यातल्या पोरांसाठी, पाऊण जागा ग्रामीण भागाच्या, आणि ते बरोबरच आहे. मुंबईच्या झोपडपट्टीतलं पोरगं मात्र यात कुठंच बसत नाही. तो शहरी म्हणून नवोदयच्या हिशोबात नाही आणि गरीब म्हणून शहराच्या हिशोबात नाही.

बरं, हुशार पोरांना शोधणाऱ्या ज्या काही सरकारी गोष्टी होत्या त्यापण एकेक बंद होत गेल्या. एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ पासून थांबलीय ती थांबलीय. केव्हीपीवाय, म्हणजे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, २०२२ ला गुंडाळली. राहिलं काय? क्लास. दहावीचा निकाल लागला की इंटिग्रेटेडवाल्यांचे फोन सुरू होतात, म्हणजे ऍडमिशन नावापुरती कुठल्यातरी ज्युनिअर कॉलेजला आणि दिवसभर बसायचं क्लासमध्ये, कॉलेजला फक्त प्रॅक्टिकलच्या आणि बोर्डाच्या परीक्षेला तोंड दाखवायचं. शेवटी २०१८ ला सरकारला जीआर काढावा लागला की सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजात बायोमेट्रिक हजेरी लावा. त्याचं पुढं काय झालं ते ज्यांच्या घरी अकरावी-बारावीचं पोर आहे त्यांना विचारा, ते हसतील. ही सिस्टिम आपण सगळ्यांनी गपगुमान मान्य केलीय आणि तिची फी दोन वर्षांची काही लाखात जाते, म्हणजे नाका कामगाराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या पोरानं फिजिक्स घ्यावं की नाही हे दहावीच्या मार्कांआधीच ठरलेलं असतं.

लोकांना वाटतं सायन्सची शाळा म्हणजे जास्त अवघड पुस्तकं. तसं नाहीये हो. मी एका वस्तीतल्या अभ्यासिकेत अधूनमधून गणित-विज्ञान शिकवायला जातो, तिथली पोरं जवळच्याच एका शाळेत जातात. त्या शाळेत लॅब आहे. कपाटं आहेत, काच आहे, काचेच्या आत ब्युरेट, लोहचुंबक, स्प्रिंग बॅलन्स, एक फॉर्मलिनमधला बेडूक, सगळं आहे. चावी क्लार्ककडे, कारण लॅब असिस्टंट रिटायर झाला आणि ती पोस्ट काही भरली गेली नाही, आणि क्लार्क म्हणतो काही फुटलं तर माझ्या अंगावर येईल. चुकीचं नाही म्हणत तो, डेड स्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीवर, सही त्याची आहे. तर मी माझा एक व्हर्निअर कॅलिपर (दोन जबड्यांत वस्तू धरून बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन गेलो अभ्यासिकेत. नववीच्या पोरी होत्या पाच-सहा. दहाचं नाणं दिलं आणि म्हटलं मोजा. एकीला आलं २.७१ सेंटिमीटर, दुसरीला २.६९, तिसरीला २.७०, आणि एक मुलगी होती ती तेच नाणं फिरवून फिरवून परत परत मोजत बसली, जबडा घट्ट दाबला की कमी येतं आणि सैल धरला की जास्त येतं हे तिचं तिनंच पकडलं, आणि मग मला विचारते, "सर, मग खरं कुठलं?"

आता हा जो प्रश्न आहे तो कुठल्याच परीक्षेत येत नाही. मोजमापातली चूक, ती किती असू शकते, सरासरी का घ्यायची, हे सगळं त्या एका प्रश्नात आहे. पण त्या मुलीला शाळेच्या चाचणीत गणितात मार्क किती, तर जेमतेम. का, तर शाब्दिक उदाहरण वाचायलाच तिला वेळ लागतो, घरी हिंदी-उर्दू मिक्स बोलतात, शाळा मराठी, आणि आता सेमी इंग्लिश. तुम्ही उद्या पालिकेच्या सायन्स शाळेला शंभर मार्कांची एंट्रन्स ठेवली तर ही मुलगी पहिल्या फेरीत बाहेर. आणि आत कोण? ज्याच्या आईबाबांनी त्याला पाचवीपासून फाउंडेशन बॅचला घातलंय तो.

ही भीती उगाच नाही. ज्या न्यूयॉर्कचं कौतुक केलं तिथलंच बघा. तिथं ब्रॉन्क्स सायन्स, स्टायव्हेसंट आणि ब्रुकलिन टेक या शाळांना एकाच परीक्षेवर प्रवेश द्यायचा असा राज्याचा कायदाच आहे १९७१ चा. २०१९ ला स्टायव्हेसंटनं ८९५ मुलांना जागा दिल्या, त्यात कृष्णवर्णीय मुलं किती, तर ७. शहराच्या सरकारी शाळांत साधारण दोन तृतीयांश पोरं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो असताना. तिथल्या महापौरांनी, दे ब्लासिओंनी, २०१८ ला सुचवलं होतं की परीक्षा काढून टाका आणि प्रत्येक मिडल स्कूलमधली वरची ७ टक्के पोरं घ्या. ते काही पास झालं नाही. विरोध कोणी केला तर चिनी, बांगलादेशी कुटुंबांनी, आणि त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता, ते म्हणत होते आम्हीपण गरीब आहोत, टॅक्सी चालवतो, हॉटेलात भांडी घासतो, पोटाला चिमटा काढून पोरांना परीक्षेच्या क्लासला घालतो, आणि परीक्षा ही एकच गोष्ट आहे जिथं आमची ओळखपाळख नसली तरी चालतं.

हा मुद्दा मुंबईत तर दुप्पट लागू. आपल्याकडे परीक्षा नको म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिली येते ती चिठ्ठी. नगरसेवकाची चिठ्ठी, शिक्षण समितीतल्या कुणाची चिठ्ठी, मुख्याध्यापकांच्या भाच्याचा अर्ज. लेखी परीक्षेत निदान वशिला चालत नाही असा आपला समज आहे, आणि बऱ्यापैकी खरा आहे. म्हणून नुसतं परीक्षा नको म्हणून चालणार नाही, वशिला कसा अडवणार ते सांगायला पाहिजे.

मला सुचतं ते असं. पालिकेच्या आणि अनुदानित, अशा प्रत्येक शाळेतून, जिथं आठवी आहे तिथून, ठरावीक पोरांची नावं घ्यायची. अर्धी शिक्षकांनी सुचवलेली, अर्धी ज्यांनी स्वतःहून हात वर केला त्यांची, आणि प्रत्येक शाळेला तिचा वाटा, म्हणजे दादरच्या नामवंत शाळेतून चाळीस आणि शिवाजीनगरमधून शून्य असं होणारच नाही. मग मे महिन्याच्या सुट्टीत दोन आठवड्यांचं शिबिर, रोज यायचं, नाश्ता-जेवण तिथंच. कोल्मोगोरोवच्या शाळेची पहिली पोरं अशीच उन्हाळी शिबिरातून निवडली होती आणि ती शाळा मुद्दाम मॉस्कोबाहेरच्या पोरांसाठी होती, कारण मॉस्कोतल्यांना बाकीचे रस्ते होतेच. शिबिरात पोरांना काहीतरी करायला द्या, मोजायला द्या, बिघडलेली सायकल द्या, एखादं कोडं द्या जे एका दिवसात सुटत नाही. आठवड्याभरात कळतं हो कोण चिकटून बसतं आणि कोण बाजूच्याचं बघून लिहितं. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी नोंदी ठेवायच्या, आणि ज्यांना ही शाळा झेपेल असं वाटतं त्या सगळ्यांची एक यादी करायची. जागा १२० आणि यादीत ३०० असतील तर पुढं मेरिट लावायचं नाही. लॉटरी काढायची. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यावर.

लॉटरी म्हटलं की लोक चिडतात. म्हणे हुशारीचा अपमान. अहो, या शहरात आयुष्यभराचं घर म्हाडाच्या लॉटरीवर मिळतं आणि लोक पेढे वाटतात. पालिकेनं सीबीएसईच्या शाळा काढल्या तेव्हा तिथले प्रवेश लॉटरीनंच दिले, कुणाला काही वाटलं नाही. तीनशे पोरं जर खरंच लायक असतील तर त्यातला १२० वा आणि १२१ वा यात अर्ध्या मार्काचा फरक काढून आपण जो न्याय केल्याचा आव आणतो तो फक्त आव आहे. शिवाय चिठ्ठी तिथं मरते. यादीत घुसवलं तरी पुढं लॉटरीत नाव निघेलच असं नाही, म्हटल्यावर कोण कशाला स्वतःचं नाव खराब करून फोन करेल. आणि क्लासवाल्यांनापण विकायला काही राहत नाही, शिबिराची तयारी करून घेतो म्हणून बॅच काढली तरी पुढं लॉटरीची गॅरंटी कशी देणार?

कायद्याचंही बघा. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी लावता येत नाही, आणि तो कायदा आठवीपर्यंतचा. म्हणून शाळा नववीपासूनच हवी. पाचवी-सहावीपासून सुरू करायचा मोह होईल, पण दहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर सायंटिस्ट असा शिक्का मारणं मला तरी पटत नाही.

आता माध्यम. हा विषय आला की आपल्याकडे भांडणं लागतात, म्हणून जे झालंय तेवढंच सांगतो. होमी भाभा केंद्रानं १९८० च्या आसपास मुंबईच्या पालिका शाळांमधल्या अनुसूचित जातीच्या हायस्कूलच्या मुलांना घेऊन काही वर्षं काम केलं होतं, वि. गो. कुलकर्णी तेव्हा केंद्राचे प्रमुख. त्यात दिसलं ते हे की पोरांना विज्ञान कळत नव्हतं असं नाही, पुस्तकाची भाषाच कळत नव्हती. साधं, तुटक मराठी, वाचून अर्थ लावायचा सराव, आणि हाताला काम, एवढं दिल्यावर ती मुलं एसएससीला चांगली चमकली. म्हणजे हा प्रयोग याच शहरात, याच पोरांवर होऊन गेलाय, चाळीसेक वर्षांपूर्वी. आपण तो मोठा केला नाही, बस. तर या नव्या शाळेत नववीचं पहिलं अर्ध वर्ष भाषेवर घालवा, बिनधास्त. शिकवणं मराठी-हिंदीत, शब्द इंग्रजी, आणि हळूहळू इंग्रजी वाचायला लावायचं, कारण बारावीनंतर तेच आहे. पहिल्या दिवसापासून इंग्लिश मिडीयम केलंत तर इंग्लिश मिडीयमचीच पोरं टिकतील.

शिक्षक कुठून आणणार हा खरा अवघड प्रश्न आहे, इमारत नाही. राज्यात आजही नवीन लागलेला शिक्षक आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, उच्च माध्यमिकला महिना २० हजार मानधन, तेसुद्धा २०२३ मध्ये वाढवल्यावर. एमएस्सी फिजिक्स झालेला मुंबईत भाडं भरून २० हजारात कसा राहणार? तो क्लासमध्ये जातो, तिथं त्याला याच्या कितीतरी पट मिळतात, आणि वर बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, ड्युटी नाही, जनगणना नाही, निवडणूक नाही. तेव्हा या शाळेतल्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार आणि शाळाबाह्य कामातून सूट, याशिवाय सुरूच करू नका. आणि बाहेरून माणसं आणा ना. एकट्या वि. ना. पुरव मार्गावर बघा, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, पुढं अणुशक्तीनगर, त्यापुढं होमी भाभा केंद्र. बीएआरसीतून (भाभा अणुसंशोधन केंद्रातून) रिटायर झालेली किती माणसं चेंबूर-देवनारला राहतात, रोज सकाळी गार्डनमध्ये गोल फिरतात आणि देशाचं कसं होणार यावर बोलतात. त्यांना आठवड्यातले दोन दिवस वर्कशॉपमध्ये बसवा. लेथ कसा चालतो, ग्राफ कसा वाचायचा, चुकलेला प्रयोग वहीत कसा लिहायचा, हे त्यांच्याइतकं कोणाला येतं? आत्ता बारावीच्या प्रॅक्टिकलला ३० मार्क आहेत आणि ते जर्नल बहुतेक पोरं मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात, रीडिंगसकट. सगळ्यांचे रीडिंग बरोबर येतात. त्या नाणंवाल्या मुलीला विचारा, सगळ्यांचे बरोबर येणं शक्य आहे का.

जेईई-नीटचं काय करायचं? आमच्यातले काही आदर्शवादी लोक म्हणतील शाळेत त्याचं नावच काढू नका, शुद्ध विज्ञान शिकवा. हे बोलणं ज्यांच्या घरात आधीच दोन इंजिनिअर आहेत त्यांना शोभतं. गोवंडीच्या पोराला आयआयटी किंवा एक चांगलं सरकारी मेडिकल म्हणजे अख्ख्या घराचं नशीब बदलणं आहे, त्याला आपण सांगणार की बाळा, तू विज्ञानावर निर्मळ प्रेम कर? फिलिपिन्सच्या शाळेत पोरांकडून लिहून घेतात की पुढं सायन्सच शिकू, तेपण मला नको वाटतं, पंधराव्या वर्षी कोणालाही बांधून घेऊ नये. बारावीच्या वर्षी शाळा सुटल्यावर तयारी करून घ्या, फुकट. फक्त एक ठराव पहिल्याच दिवशी करायचा, की या शाळेचे जेईई-नीटचे रँक कुठल्याही बॅनरवर, कुठल्याही नगरसेवकाच्या फोटोखाली लागणार नाहीत. एकदा का ते बॅनर लागलं की पुढच्या वर्षी कमिशनर विचारणार यंदा किती, आणि मग मुख्याध्यापक मे महिन्याच्या शिबिरात मोजणारी पोरं घेणार नाहीत, पाठ असलेली घेणार.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की एक शाळा चकचकीत करून बाकी हजारभर शाळा तशाच ठेवायच्या का. आणि त्या शाळांमधली जी दोन-चार बरी पोरं आहेत तीच उचलून नेली तर मागं राहिलेल्या वर्गात काय उरणार. मला हा आक्षेप झोंबतो, कारण हुशार पोराचा वर्गाला उपयोग असतोच, तो मधल्या सुट्टीत चार जणांना गणित समजावतो. पण पालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीलाच संपतात, ते पोरगं तसंही शाळा सोडून जिथं जागा मिळेल तिथं जाणार असतं, नाहीतर कामाला लागतं. आपण त्याला नेत नाही, तो जातोच आहे. आणि बाकी शाळांसाठी शनिवार. लॅब, वर्कशॉप, लायब्ररी, दर शनिवारी आजूबाजूच्या शाळांना खुली, त्यांच्या शिक्षकांसकट, आणि हे उपकार म्हणून नाही, शाळेच्या वेळापत्रकातच छापलेलं. शिक्षकांना येण्याचा भत्ता द्या, नाहीतर कोणी येत नाही, आणि का यावं? त्या कपाटाच्या चावीवाल्या क्लार्कलापण बोलवा एकदा आणि लेखी द्या की प्रयोगात काच फुटली तर वसुली होणार नाही. एवढ्या एका सर्क्युलरनं मुंबईतल्या निम्म्या लॅब उघडतील असा माझा अंदाज आहे, आणि त्याला तर शाळा काढायचीपण गरज नाही, उद्या काढा.

पैशाचं रडगाणं मला सांगू नका. पालिकेचं शिक्षणाचं बजेट साडेतीन हजार कोटींच्या वर आहे. इमारत नवीन बांधू नका, बांधकाम निघालं की टेंडर निघतं आणि टेंडर निघालं की पाच वर्षं गेली. मराठी माध्यमाच्या कितीतरी शाळा पटसंख्या घसरून अर्ध्या रिकाम्या पडल्यात, कुर्ला-चेंबूर पट्ट्यातली एक घ्या, सेंट्रल आणि हार्बर दोन्हीकडून पोरांना येता येईल अशी. होस्टेल सुरुवातीला नको, त्यात सगळा जीव जाईल. पण अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी हवी आणि संध्याकाळचं जेवण हवं, कारण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि टीव्ही असताना कोणी कोऑर्डिनेट जॉमेट्री करू शकत नाही. मुलींसाठी घरापर्यंत बस, याच्यावर काटकसर केली तर वर्गात मुली उरणार नाहीत, नवव्या वर्षापासून धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला रात्री एकटं लोकलनं पाठवायला कुठलीच आई तयार होत नाही.

आणि हो, खासगी शाळेतल्या पालकांचा प्रश्न येणारच, की आमच्या मुलांनी काय घोडं मारलंय, आम्ही टॅक्स भरत नाही का. भरता. तुमच्या मुलांसाठी क्लास आहेत, आयबी आहे, घरी वायफाय आहे, आणि मुलाला खरंच विज्ञानाचं वेड असेल तर होमी भाभा बालवैज्ञानिकपासून ऑलिम्पियाडपर्यंत सगळे दरवाजे तुम्हाला पत्त्यासकट माहीत आहेत. पहिली पाच वर्षं ही शाळा फक्त पालिकेच्या आणि अनुदानित शाळांमधल्या पोरांसाठी. त्यानंतर तुम्हाला खरोखर तिथं पोराला घालावंसं वाटलं, शेजारी गोवंडीची पोरगी बसलेली चालणार असेल, तर तेव्हा जागा वाढवायची मागणी आपण मिळून करू.